खाऱ्या वाऱ्यात नक्षीचा कठडा: पीयू हँडरेल घ्यावं का?

आधी निकाल सांगते, पुढचं ज्याला हवं त्याने वाचावं. पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा कठडा चांगला आहे. दिसायला देखणा, गंजत नाही, वाळवी खात नाही, मे महिन्यात हाताला चटका देत नाही. पण तो स्वतः कोणाला पडण्यापासून वाचवत नाही. वाचवतं ते त्याच्या पोटातलं लोखंड. ते लोखंड कसं केलंय आणि कशात बसवलंय यावर सगळा खेळ आहे, आणि नेमकं तेच कॅटलॉगमध्ये नसतं.

आमचं घर गणपतीपुळ्याजवळ, मालगुंडच्या वाटेवर. समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते. खाली आम्ही राहतो, वर पर्यटकांसाठी खोल्या आहेत. वरच्या बाल्कनीला आणि बाहेरच्या जिन्याला एमएस म्हणजे साध्या लोखंडी पाइपचा कठडा होता. दर दिवाळीला घासायचा, रेड ऑक्साइड मारायचं, वर ऑइल पेंट. शिमग्यापर्यंत वेल्डिंगच्या सांध्यांतून पुन्हा तांबडे ओघळ फरशीवर हजर. एक खांब बुडातून इतका खाल्ला गेला की नुसत्या हाताने हलायला लागला. पाहुणे त्याच कठड्याला रेलून सूर्यास्ताचे फोटो काढतात. मग मात्र आमच्या ह्यांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं सोडलं.

पर्याय काय काय होते ते थोडक्यात. सागाचा विचार भाव ऐकूनच संपला, शिवाय उघड्यावर दरवर्षी तेलपाणी कोण करणार. सिमेंटचे नक्षीचे बॅलस्टर, म्हणजे कठड्यातले उभे दांडे, इकडे खूप दिसतात. त्यांच्या पोटात लोखंडाची सळी असते. खाऱ्या हवेत ती गंजते, गंज फुगतो आणि सिमेंट उभं तडकतं. शेजारच्या गावातल्या एका बंगल्याचे निम्मे बॅलस्टर असे फुटलेले मी रोज बघते. शिवाय वजन. पुढे काढलेल्या बाल्कनीच्या कडेला एवढं ओझं ठेवायला आमचा इंजिनिअर पुतण्या तयारच नव्हता.

स्टीलचं सगळेच सुचवतात. पण समुद्राजवळ 304 ग्रेडच्या स्टीललाही चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. इथे टिकतं ते 316, ज्यात मॉलिब्डेनम असतं, आणि त्याचा भाव ऐकून माणूस पुन्हा सागाकडे वळतो. त्यात एक गंमत. ‘चुंबक लावून बघा वहिनी, चिकटत नाही म्हणजे 304’ असं दोन ठिकाणी मला ठामपणे सांगितलं गेलं. स्वस्तातलं 202 पण चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे ती परीक्षा जवळपास निरुपयोगी आहे. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि मिलचं, म्हणजे स्टील बनवणाऱ्या कारखान्याचं, सर्टिफिकेट मागा.

म्हणून पीयू. हे काही नवलाचं रसायन नाही. 1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं, आणि आज फ्रिजच्या भिंतीत, सोफ्याच्या गादीत, बुटांच्या तळव्यात हीच जात असते. दोन द्रव एकत्र करून साच्यात ओततात, ते फुगून साचा भरतात आणि घट्ट होतात. साचा लाकडी कोरीवकामावरून घेतलेला असेल तर लाकडाची रेघन् रेघ उमटते. कठड्यासाठीचा पीयू कडक असतो, बाहेर घट्ट साल आणि आत बारीक भोकांचा गाभा. ती काळी-तपकिरी प्लास्टिकची पट्टी, जी गरम करून लोखंडी पट्टीवर चढवतात आणि जी काही वर्षांनी हाताला चिकट लागायला लागते, ती पीव्हीसीची. ती वेगळी. दुकानदार बोलताना दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून सांगितलं.

आंबा घाट चढून कोल्हापूरला जाऊन माल बघितला. फोटोवरून हा माल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फोटोत हलका आणि भारी पीयू सारखाच दिसतो. हातात घेतल्यावर फरक कळतो. दुकानदाराला कापलेला तुकडा दाखवायला सांगा. त्याच्याकडे नसेल तर त्याने कधी कोणाला दाखवलेलाच नाही असं समजा. आम्हाला दोन कंपन्यांचे तुकडे बघायला मिळाले. एकात साल पातळ, आत मटाराएवढी पोकळ भोकं, अंगठ्याचं नख दाबलं की खळगा. दुसऱ्याची साल जाड होती, गाभा एकसारखा बारीक, नख दाबून काही झालं नाही. नक्षीच्या पानांच्या कडाही बघा. चांगल्या मालात पानाची कड धारदार उतरते, हलक्यात ती विरघळल्यासारखी गोल होते. साच्याचा सांधा जिथे येतो तिथली रेघ घासून काढलेली आहे का तेही पाहा, नाहीतर ती घासण्याचं काम तुमच्या रंगाऱ्याच्या माथी, आणि त्याचे पैसे तुमच्या.

हँडरेल, म्हणजे कठड्यावरचा हात धरायचा भाग, निवडताना मात्र आमच्या सासूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. मला आवडलेलं प्रोफाइल, म्हणजे हँडरेलचा आकार, चांगलं रुंद, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी असलेलं, एकदम वाड्यातलं वाटणारं. दुकानदाराने तेच पुढे केलं होतं. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली आहेत. त्यांनी त्यावर हात ठेवला, मिटायचा प्रयत्न केला आणि विचारलं, ‘हे धरायचं की नुसता हात ठेवायचा?’ बोटं खाली वळतच नव्हती. तळवा वर पसरलेला राहत होता. पाय घसरला तर अशा कठड्याचा काय उपयोग? मग जिन्यासाठी अरुंद, खालून खोबण असलेलं प्रोफाइल घेतलं, जिथे अंगठा एका बाजूने आणि बोटं दुसऱ्या बाजूने आत जातात. रुंद नक्षीचं फक्त बाल्कनीला. हातात मावणारी जाडी साधारण दीड ते दोन इंच. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यालाच दुकानात घेऊन जा, मापं घेऊन काही होत नाही.

बॅलस्टरचं असंच एक सांगण्यासारखं. दोन बॅलस्टरमधली फट चार इंचांपेक्षा जास्त नको, लहान मुलाचं डोकं जाता कामा नये, हे बहुतेकांना माहीत असतं. पण नक्षीचा बॅलस्टर पोटाला फुगीर आणि मानेला बारीक असतो. दुकानदार फट मोजतो पोटापाशी, कारण तशी मोजली की बॅलस्टर कमी लागतात आणि कोटेशन स्वस्त दिसतं. डोकं अडकतं ते मानेपाशी. आम्ही मानेपाशी मोजून मांडणी केली, तर बॅलस्टर बरेच वाढले. वाढू देत. आणि तळाशी पायरीसारखा चौथरा असलेलं डिझाइन घेऊ नका, पोरं त्यावर पाय ठेवून वर चढतात. उंची बाल्कनीला साडेतीन फूट ठेवली, तीही फरशी टाकल्यानंतरच्या पातळीपासून. अनेक जण स्लॅबपासून मोजतात आणि मग फरशी दोन इंच खाऊन टाकते.

आता लोखंड. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

पुतण्याने सांगितलं की घरगुती बाल्कनीच्या कठड्याला मीटरमागे 0.35 किलोन्यूटन आडवा भार धरायचा असं आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे, आणि बाकीच्या जिन्यांना, बाल्कन्यांना 0.75. किलोन्यूटन म्हणजे काय ते मी त्यालाच विचारलं. 0.35 म्हणजे मीटरभर लांबीवर साधारण 35 किलोने कोणी बाहेर ढकलतंय असं समज, म्हणाला. आमच्याकडे एका बाल्कनीत फोटोसाठी आठ-आठ जण उभे राहतात, म्हणून आम्ही 0.75 धरलं. त्यावरून खांबांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर ठरलं. हा हिशोब पीयू विकणारा करून देत नाही. तो म्हणतो, ‘आमच्या बॅलस्टरमध्ये पाइप आहेच की.’ असतो, पण तो पाइप बॅलस्टर उभा राहण्यापुरता. ओझं घ्यायला मुख्य खांब वेगळे लागतात, वर त्यांना जोडणारी सलग लोखंडी पट्टी लागते, आणि हँडरेलची खोबण त्या पट्टीवर बसते. आमची पट्टी दीड इंच रुंद, 6 मिलिमीटर जाड.

हा सगळा सांगाडा गॅल्व्हनाइज करून घेतला. रंगवलेला गॅल्व्हनाइज नव्हे, वितळलेल्या जस्तात बुडवलेला, ज्याला हॉट डिप म्हणतात. त्यासाठी तो घाटावर पाठवावा लागला, इकडे जवळपास ती सोय नाही. पीयूच्या आत एकदा लोखंड झाकलं की ते पुन्हा दिसणार नाही, त्याला घासता येणार नाही, रंग देता येणार नाही. आत गंजलं तर कळणार कधी? कठडा हलायला लागल्यावर. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर नक्षीत वाचवा, जस्तात नाही. बंद पाइपांना बुडवण्याआधी हवेसाठी भोकं पाडावी लागतात, नाहीतर आतली हवा आणि ओल त्या तापमानाला पाइप फोडू शकते. फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्याला, हे माहीत आहे का ते आधी विचारा. उत्तर देण्याआधी तो किती वेळ घेतो त्यावरूनच कळेल.

आमच्या फॅब्रिकेटरने सांगाडा चांगला केला, हे मान्य. घोटाळा शेवटी झाला. पीयू चढवून झालं, सांधे चिकटवून झाले, आणि त्याच्या लक्षात आलं की कोपऱ्यातली एक पट्टी जोडायची राहिली. मी खाली पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होते. वर आले तर हा वेल्डिंग मशीन लावून बसलेला. ‘एकच टाका आहे वहिनी.’ त्या एका टाक्याच्या ठिणग्यांनी हातभर लांबीच्या हँडरेलला काळे खड्डे पडले आणि असा काही उग्र वास सुटला की डोळे चुरचुरले. पीयू जळतं, आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. वर साहेबांचं म्हणणं, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की कळणार पण नाही. तो तुकडा मी बदलून घेतला, त्याच्या खर्चाने. शिवाय तिथलं जस्त जळालं होतं, त्यावर झिंकचा स्प्रे मारून घेतला. सगळं वेल्डिंग संपल्याशिवाय पीयूचं खोकं उघडू देऊ नका. आणि याच कारणासाठी, सोसायटीच्या बंद जिन्यात, जिथून आग लागल्यावर लोक खाली धावणार, तिथे हा माल मी लावणार नाही. आमचा जिना उघडा आहे, बाहेरून आहे.

खांब बसवताना आणखी एक गोष्ट कोकणातल्यांनी लक्षात ठेवावी. आमच्या भिंती जांभ्याच्या. जांभ्यात अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, धरत नाही, आवळताना दगडच भुगा होतो. खांब काँक्रीटच्या स्लॅबमध्येच हवेत, आणि तेही कडेपासून आत. अगदी कडेला भोक पाडलं की काँक्रीटचा टवका उडतो. आम्ही केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवायचे बोल्ट, वापरले. भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून, ब्रशने काढून मग रसायन भरायचं असतं. कामगार हे टाळतात, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. बेस प्लेटच्या, म्हणजे खांबाच्या बुडाच्या पट्टीच्या, भोवती सीलंट (फटी बुजवणारा लगदा) फिरवलं नाही तर पावसाचं पाणी तिथूनच स्लॅबमध्ये उतरतं, आणि आमच्याकडे पाऊस म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे.

पीयूचं स्वतःचं फिटिंग मात्र सोपं, सुताराने हौसेने केलं. साध्या करवतीने कापतं, स्क्रू घेतं, रंधाही चालतो. जिन्याच्या वळणावर तिरके काप जुळवायला त्याने आधी पुठ्ठ्याचे नमुने केले आणि मगच माल कापला. घासताना मात्र नाकाला फडकं नव्हे, नीट मास्क लावा, भुकटी फार बारीक असते.

सांध्यांवर रंगाऱ्याने नेहमीची लांबी भरली. पहिल्याच उन्हाळ्यात पश्चिमेच्या लांब बाजूला प्रत्येक सांध्यावर केसासारखी चीर. उन्हाने पीयू वाढतं लोखंडापेक्षा जास्त, आणि कडक लांबी त्याच्याबरोबर ताणली जात नाही. मग सगळी खरवडून ताणणारं सीलंट भरलं. ते घेताना ज्यावर रंग बसतो असंच घ्या. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, सोलून निघतो. तेव्हापासून चीर नाही.

रंग हा ऐच्छिक विषय नाही. ‘पांढराच येतो, तसाच ठेवा’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो पांढरा म्हणजे प्रायमर किंवा साच्यातला थर, उन्हात टिकणारा नव्हे. माझ्याकडे एक उरलेला तुकडा मागच्या पडवीत कपडे धुण्याच्या दगडाशेजारी पडून होता, अर्धा उन्हात, अर्धा पत्र्याच्या सावलीत. उन्हातली बाजू हळदीसारखी पिवळी झाली आणि बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते. सावलीतली बाजू जशीच्या तशी. रंगवलेल्या कठड्यावर तसलं काहीही नाही. बाहेरच्या भिंतीचा चांगला अॅक्रिलिक रंग, दोन हात, पाऊस सुरू व्हायच्या आत. ह्यांना सागवानी गडद रंग हवा होता. गडद रंग ऊन जास्त पितो आणि सांध्यांवरचा ताण वाढतो, म्हणून बाहेर फिका मोतिया दिला आणि गडद रंगाची हौस दिवाणखान्यातल्या चार पायऱ्यांच्या छोट्या कठड्यावर भागवली.

वापरातल्या तक्रारी आता. ठोकून पाहिलं की पोकळ आवाज येतो. वाड्याचा थाट डोळ्यांपुरताच आहे, हाताला आणि कानाला कळतं. एका पाहुण्याने बाल्कनीच्या रेलवर सिगारेट विझवली, तिथे कायमचा खळगा. बॅगा आदळून जिन्याच्या खालच्या खांबाचे कोपरे उडालेत, ते भरून घेता येतात पण दरवर्षीचं काम. वानरांचा त्रास कठड्याला फारसा झाला नाही. टोळी येते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते, सांगाडा हलत नाही. फक्त खांबांवरचे शोभेचे गोळे त्यांनी दोनदा उपटून नेले. ते नुसते चिकटवलेले होते. आता आतून स्क्रू आहे. कपड्यांची दोरी बांधायला पीयूत हूक मारू नका, ओल्या गोधडीच्या वजनाने बाहेर येतो. पावसात नक्षीच्या खोबणींत हिरवं शेवाळ धरतं. साबणाचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश, एवढ्यात निघतं, पण वेलबुट्टी जितकी जास्त तितका ब्रश जास्त. हे काम कोणाच्या वाट्याला येतं ते घरातल्या बायकांना सांगायला नको.

पैशांचं. दुकानातला दर रनिंग फुटाचा असतो आणि तो फक्त वरच्या हँडरेलचा. बॅलस्टर नगावर, मुख्य खांब वेगळे, गोळे वेगळे, चिकटवायचं रसायन, भाडं आणि जीएसटी वेगळा. लोखंड, जस्त, फिटिंग, रंग तर त्यांच्या हिशोबातच नाही. सगळं धरून आम्हाला 304 स्टीलच्या चांगल्या कठड्याच्या साधारण पावणेदोन पट पडलं. 316 पेक्षा थोडंसं कमी. म्हणजे नक्षी नको असेल आणि समुद्र जवळ असेल, तर डोळे झाकून 316 घ्या. हा माल ज्याला तो जुना थाट हवाच आहे त्याच्यासाठी आहे. आमच्या धंद्यात तो हवा होता. खोल्यांचे फोटो टाकते तेव्हा लोक पहिल्यांदा त्या बाल्कनीबद्दलच विचारतात.

दुकानाला पाचपैकी तीन. माल सांगितला तोच दिला, पण गाडीत दोन बॅलस्टर मोडले ते बदलून मिळायला पावसाळा उजाडला. मालाला चार. फॅब्रिकेटरला मी गुण देत नाही, त्याला अजून गेटचं काम द्यायचं आहे.

ऑर्डर देताना चार-पाच बॅलस्टर जादा घ्या. डिझाइन बंद होतं, साचे बदलतात, आणि नंतर एका मोडक्यासाठी जुळणारा मिळत नाही. रंगाचा शेड नंबर डब्याच्या झाकणावरून वहीत उतरवून ठेवा. वरच्या गच्चीचा कठडा अजून व्हायचा आहे. तिथे साधा गॅल्व्हनाइज्ड पाइप लावणार आहोत, कारण तिथे वाळवणं, टाकी आणि वानरं, पाहुण्यांना वर सोडतच नाही.